भाऊ, मंग बापानं काय म्हतलं?

भाऊ, परवा मी एक गोष्ट केली. तुमाले न विचारता केली. तुमी असते त रेडिओतल्या टेबलावरची घंटी अशी खणाखणा वाजवली असती का राजन्ना सरांच्या कानावरचं हेडफोन खाली पडलं असतं. पण तुमी नाही, अन् घंटी कपाटात कुलूपबंद आहे. म्हणून आता सुरुवातीपासून सांगते. मधात बोलू नोका. तुमची ती खोडच होती.

वीस दिवस झाले तुमाले जाऊन. इचोड्याच्या बाजारात तुमच्या जागेवर अजून कोणी बसलं नाही. मेथीवाली हळूच सरकून बसली होती, तिले मी दुकानातूनच डोळे दाखवले, त गेली गुमान आपल्या जाग्यावर. माह्या बांगड्याच्या दुकानासमोरच तुमची वांग्याची टोपली. नऊ वर्षं मी गिऱ्हाइकाचा हात हातात धरून तुमचं बोलणं ऐकलं. एकदा एका बाईच्या उजव्या हातात सात अन् डाव्या हातात पाच बांगड्या भरल्या, निव्वळ तुमच्यापायी. ती घरी गेल्यावर भांडाले परत आली, अन् तुमचं बोलणं ऐकत इथंच अर्धा घंटा उभी राह्यली. भांडाचंच विसरली.

लोकं मले म्हणतात, मालनबाई, भाऊवर काहीतरी लिहा. काय लिहू? कधी जन्मले, किती एकर होतं, मागं कोण आहे, हे लिहाले गावात पुष्कळ शहाणे आहेत. मले त तुमच्याशी भांडाचं राह्यलं आहे.

आठवते का तो कोरा कागद? आपल्या खेळाले दोन-तीन महिनेच झाले होते. दर गुरुवारी सकाळच्या बसनं तुमी अन् मी आदिलाबादले जाचो. तिथं रेडिओच्या त्या थंडगार खोलीत चौघं टेबलाभोवती बसाचो. तुमी, मी, नार्नूरचे रिटायर पटवारी अन् कॉलेजातल्या मॅडम. राजन्ना सर माठात हात घालून ऐकणाऱ्यायनं पाठवलेली चिठ्ठी काढत अन् त्या विषयावर एकानं गोष्ट सुरू कराची. दोन मिनिटं झाली का सरांची घंटी, का दुसऱ्यानं तिथूनच पुढं न्याची, मंग तिसऱ्यानं, मंग चौथ्यानं. नेम एकच, तुमीच घातलेला. समोरच्यानं जे म्हतलं ते खरं. नाही म्हणाचं नाही. आधी 'हाव' म्हणाचं अन् मंग पुढं जाचं. कार्यक्रमाचं नावच 'हाव, मंग?' होतं. जो नाही म्हणेल त्याच्यावर कोणीही घंटी वाजवावी. ती घंटी बी तुमच्याच म्हाताऱ्या बैलाच्या गळ्यातली.

त्या दिवशी सरांनी चिठ्ठी उघडली त कोरी. कोणा बावळटानं घडी घालून कोराच कागद पाठवला होता. सर मराठी बोलता बोलता घाबरले का तेलुगूत शिरत. "अय्यो" म्हणून ते माह्याकडे पाहाले लागले, मी पटवाऱ्याकडे. तुमी तो कागद सरांच्या हातातून घेतला, नाकाजवळ नेला, वास घेतला अन् म्हतलं, "हाव, हे माह्या सोयऱ्याचं पत्र आहे."

अन् मंग सुरू झाले. सोयऱ्याले लिहिता येत नाही अन् मले वाचता येत नाही, म्हणून तीस वर्षांत आमचं एकदाही भांडण झालं नाही. तो कोरा कागद पाठवते, मी कोराच परत करतो, दोघायलेही समाधान. मंग एक दिवस गावात नवीन मास्तर आला, त्याले दया आली, त्यानं सोयऱ्याले पत्र लिहून देतलं. तवापासून येणं-जाणं बंद आहे.

दोन मिनिटं, भाऊ! काचेपलीकडचा मशीनवाला पोट धरून खाली बसला होता. मी त तोंडात बोट घालून पाहत राह्यली. हसू बादमधी आलं, पहिले अंगावर काटाच आला. ज्या कागदावर काही नव्हतं, त्यातून तुमी सोयरा काढला, मास्तर काढला, तीस वर्षं काढली. देवानं दुनिया केली म्हणतात, त्याच्याजवळ पाच तत्त्वं त होती! तुमच्याजवळ काय होतं? एक मळकी टोपी.

अन् तुमचं त वागणंही तसंच. पहिल्या वर्षी रेडिओकडून आपल्याले निर्मलचे लाकडी खेळणे भेट भेटले. मले लाकडी आंबा, तुमाले लाकडी वांगं. मी आंबा काचेच्या कपाटात ठेवला. तुमी वांगं टोपलीत ठेवलं, खऱ्या वांग्यायच्या मधात. बाया नख लावून पाहत अन् म्हणत, "हे लय निब्बर आहे वो." तुमी म्हणत, "मंग निर्मलचं बेणं आहे ते, शिजाले वेळ घेते." एकीनं तर हट्टानं नेलं, अन् दुसऱ्या दिवशी बंबात घालाच्या आधी आणून देतलं.

माहं मात्र सारं चोरीचं होतं. हे तुमाले माहीत होतं अन् तुमी कोणाले सांगतलं नाही. मी बांगड्याच्या डब्याच्या झाकणावर आतून गमती लिहून ठेवो. लग्नाची गंमत, सासूची गंमत, डॉक्टरची गंमत. बसमधी घोकत जाओ. चिठ्ठी कोणतीही निघो, मी तिले ओढत-ताणत माह्या सासूपर्यंत नेऊन सोडो. एक दिवस पर्समधून झाकण खाली पडलं. तुमी उचललं, वाचलं, परत देतलं. मी लाजून चूर.

तुमी म्हतलं, "बाई, हे कायले? डोकं रिकामं झालं का समोरच्याचे हात पाहाचे. हातात काही ना काही असतेच. तिथूनच उचलाचं."

मी चिडून म्हतलं, "तुमाले देवानं देतलं, आमी काय करावं?"

"देवानं तुमाले त दुकानच हातायचं देतलं," तुमी म्हणाले. "दिवसभर लोकायचे हात धरून बसता, अन् पाहत नाही?"

त्या दिवशी मले लय राग आला होता. खरं बोललं का मले राग येतेच.

आता त्या गोष्टीवर येते. टाळून राह्यली होती.

तुमची जीभ कुठं घडली हे आख्ख्या इचोड्याले माहीत. पोळ्याच्या तोरणाखाली. बैलं सजवून रांगेनं उभे, अन् माणसं एकमेकायवर झडत्या म्हणून राह्यले. जागच्या जागी जोडलेल्या ओळी, समोरच्याची टोपी उडवणाऱ्या. तुमी बोलाले लागले का बाकीचे बैल घेऊन मागं सरकत. अन् तिथला बी एकच नेम. तोरणाखालचं बोलणं तोरणाखालीच सोडाचं, घरी न्याचं नाही. पाटलाले कोणी चोर म्हटलं तरी दुसऱ्या दिवशी पाटील त्याच्याच घरी चहा पेते.

त्या पोळ्याले तुमचा विलास हैदराबादेहून आला होता. नोकरीची परीक्षा तिसऱ्यांदा हुकली होती. बैलाचा कासरा धरून तो गर्दीत उभा होता, अन् समोरच्या माणसानं तुमाले डिवचलं. तुमची जीभ सुटली:

माह्या घरी दोन बैल, तिसरा शिकलेला,
दोघं ओढती नांगर, तिसरा टेकलेला!

हर हर महादेवचा असा गजर झाला का शिवापर्यंत ऐकू गेला असेल. मी घराच्या गच्चीवर बायायमधी होती. मी बी हसली भाऊ, खोटं कायले सांगू. विलासनं कासरा तुमच्या हातात देतला अन् गेला. संध्याकाळच्या बसनं गेला. सगळ्या गावानं तोरणाखालचं तोरणाखाली सोडलं, एकट्या तुमच्या लेकानं ते बॅगेत भरून नेलं. चार वर्षं ना फोन ना दिवाळी. गिरजावैनी माह्याजवळ बांगड्या भराले येत अन् हात पुढं करून रडत. तुमी कधी अक्षर काढलं नाही. ज्या माणसाले कोऱ्या कागदावर दोन मिनिटं बोलता येते, त्याले लेकाचा नंबर दाबून एक वाक्य बोलता आलं नाही.

मंग गेल्या वर्षीचा तो गुरुवार. चिठ्ठी निघाली, 'बंद दार'. पटवाऱ्यानं सुरू केलं, मॅडमनं पुढं नेलं, तिसरी मी, चौथे तुमी. गोष्ट माह्याकडे आली तवा एक म्हातारा दाराच्या आत एकटाच बसून होता. माहं डोकं रिकामं झालं. सासू बसत नव्हती, डॉक्टर बसत नव्हता. सर घंटीकडे हात नेऊन राह्यले, अन् माह्या तोंडातून निघालं, "अन् तेवढ्यात दार वाजलं. म्हाताऱ्याचा लेक आला होता. चार वर्षांनी."

लगेच घंटी वाजली. तुमची पाळी.

भाऊ, इतक्या वर्षांत तुमी पहिल्यांदा थांबले. रेडिओत थांबणं म्हणजे विहिरीत पडणं. मशीनवाला काचेपलीकडून हातवारे करून राह्यला. मी टेबलाकडे पाहत होती, तुमच्याकडे पाहाची हिंमतच नव्हती. तुमाले नाही म्हणता येत नव्हतं. नेम तुमचाच.

"हाव," तुमी म्हणाले. अगदी बारीक आवाजात.

"हाव, लेकच होता. आता ह्या बापानं चार वर्षं बोलणं पाठ करून ठेवलं होतं. वांग्याच्या वाफ्यात उभा राहून घोके. वांगे बिचारे माना खाली घालून ऐकत. त्यायले वाटे, आपलीच चूक आहे. अन् आज लेक दारात, त बापाले एक शब्द आठवेना! तोंडात पान. थुकावं का गिळावं? गिळलं. अन् म्हतलं काय, त, 'एवढा वेळ लागते काय बे? विहिरीवरची मोटर बंद केली का नाही?' लेक म्हणे, बापू, मोटर त चालूच राह्यली. बाप म्हणे, तरीच! तरीच म्हटलं चार वर्षं झाले इचोड्यातला चिखल वाळत काऊन नाही!"

पटवारी टेबलावर थापा मारून राह्यले, मॅडमच्या डोळ्यातून पाणी. हसण्याचं का कशाचं, त्यायलेही कळत नव्हतं. अन् तुमी आवाज खाली आणला. "मंग दोघं उभेच. उंबरठ्याच्या इकडं एक, तिकडं एक. लेक म्हणे, बापू. बापानं पान गिळलेलं तोंड उघडलं, अन्..."

घंटी वाजली. दोन मिनिटं संपली. चौथ्याच्या घंटीवर गोष्ट संपते, तुटो का फुटो.

मी आजवर मोठमोठे कीर्तनकार ऐकले, सभा गाजवणारे ऐकले. पण आपल्याच काळजात काटा घुसला असताना, त्याच काट्यानं दुसऱ्याले गुदगुल्या करणारा माणूस मी एकच पाह्यला. मले त्या दिवशी तुमच्या पाया पडाचं होतं. पडली नाही. बसमधी उलटी भांडली.

तुमी खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "मालनबाई, मुद्दाम केलं तुमी."

"चुकून निघालं," मी म्हतलं. "अन् तोरणाखालचं तोरणाखाली सोडा ना भाऊ. तुमचाच नेम आहे."

तुमी माह्याकडे वळले. तुमचा तसा चेहरा मी कधी पाह्यला नव्हता. "तो नेम खोटा आहे बाई," तुमी म्हणाले. "बोलणाराच सोडून जाते. ज्याले लागलं तो घरी नेतेच."

पुढचे तीन गुरुवार तुमी बसमधी वेगळ्या सीटवर बसले. अन् तरी, हे मले अजून समजत नाही, टेबलावर बसलो का मी जे देईन ते तुमी घेत होते. मी पडकं वाक्य टाकलं तरी उचलून, झटकून, त्याले कपडे घालून उभं करत होते. एकदाही मले तोंडघशी पाडलं नाही. रागात असलेला माणूस असं करते काय? मी त रागात मीठही मोजून देतलं असतं.

आज सांगते. चुकून नव्हतं, भाऊ. 'लेक आला' हे चुकून निघालं, ही आईशप्पथ. पण 'चार वर्षांनी' हे मी जाणून घातलं. आदल्या दिवशीच गिरजावैनी दुकानात रडून गेल्या होत्या, त्यायच्यापायी तुमचा राग होताच. अन् दुसरंही होतं. तुमी दरवेळी जिंकत. मले एकदा पाहाचं होतं, ह्या माणसाचं डोकं रिकामं होते का नाही. एवढी हलकी मी. माफी मागाची म्हणून किती गुरुवार ठरवलं, अन् दरवेळी माफीच्या जागी तोच प्रश्न निघे, "भाऊ, मंग बापानं काय म्हतलं?"

अन् तुमी हसून म्हणत, "घंटी वाजली ना बाई."

मंग खरंच वाजली. सकाळी वाफ्यात पाणी सोडाले गेले अन् तिथंच बसले. गिरजावैनी पाहाले गेल्या तवा मोटर चालू होती. माणसानं आपलीच गंमत इतकी खरी करावी काय हो?

विलास आला. खांदा देतला, सारं केलं, डोळ्यातून टिपूस नाही. गावानं नावं ठेवली, शिकलेलं दगड झालं म्हणे. तेरवी झाली, पाहुणे गेले. अन् परवा दुपारी दुकानात एकटीच बसली होती, त तो येऊन समोर उभा राह्यला. जिथं बाया हात पुढं करून बसतात तिथं बसला.

"मावशी," तो म्हणाला, "मंग काय झालं?"

मी म्हतलं, "कशाचं रे?"

"बापूनं तोंड उघडलं, अन् घंटी वाजली. मी हैदराबादेत मोबाइलवर ऐकत होतो. मी दर गुरुवारी ऐकतच होतो, पहिल्यापासून. मले वाटलं पुढच्या गुरुवारी सांगतील. मंग वाटलं त्याच्या पुढच्या. वर्ष झालं मी वाट पाहून राह्यलो होतो, मावशी. त्यायनं बोललं असतं त मी त्याच संध्याकाळी बसमधी बसलो असतो. तुमी बाजूलेच होत्या. तुमाले त माहीत असेल. काय म्हणणार होते बापू?"

भाऊ, ऐकता ना? तुमी समजत होते गोष्ट संपली. तिकडं तुमचा लेक त्या उंबरठ्यावर वर्षभर उभा होता. एक वाक्य, भाऊ. तुमच्यासारख्याजवळ एक वाक्य नव्हतं!

मले माहीत नाही, हेच खरं उत्तर होतं. पण नऊ वर्षांत नाही म्हणाची सवयच मोडली. झाकणावर लिहिलेलं काही नव्हतं. डोकं कोऱ्या कागदासारखं. तो माह्याकडे पाहून राह्यला. मंग मले तुमचं आठवलं अन् मी त्याचे हात पाह्यले.

नखात काळी माती होती. बोटायवर वांग्याचे काटे टोचल्याचे लाल ठिपके. सकाळी कोणाले न सांगता तो वाफ्यात गेला होता, तुमचे वांगे तोडाले. काटे कसे चुकवाचे हे विसरलेला हात होता तो. मी तो हात बांगड्या भरताना धरते तसा धरला.

"हाव," मी म्हतलं. "सांगतलं होतं मले. बसमधी सांगतलं. बापानं तोंड उघडलं अन् म्हतलं, मोटर मी बंद करतो, तू घरात चाल. अन् त्या पोळ्याले तोरणाखाली तुले जे बोललो, ते माहं चुकलं, बावा."

विलासनं डोकं माह्या काउंटरवर ठेवलं अन् रडला. बांगड्यायचे डबे थरथर करून राह्यले, एवढा रडला. बाहेर मेथीवाली उठून उभी राह्यली. मी तिले हातानं बस म्हतलं.

डोळे पुसून त्यानं एकच विचारलं, "खरंच असं म्हतलं, मावशी?"

"हाव," मी म्हतलं.

तर हे केलं मी, तुमाले न विचारता. तुमच्या तोंडी माहं वाक्य घातलं. माहीच माफी तुमच्या तोंडून मागितली असंही म्हणा पाहिजे त. तुमी असे बोलले नसते, मले माहीत आहे. तुमी मोटरवरच दोन मिनिटं काढली असती. पण तुमची पाळी झाली होती भाऊ, अन् गोष्ट माह्याकडे आली होती. खोटं वाटत असेल त म्हणा नाही, वाजवा घंटी.

विलास गेल्यावर मी दुकानात गुमान बसून राह्यली, बाजाराकडे कान लावून. लय वेळ थांबली. घंटी वाजली नाही.